पायाळूची पाठ

मला एका जागी बसवत नाही. कॉलेजात तास घेतानाही मी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवते, आणि मॅडमच्या पायाला भिंगरी आहे असं पोरं माघारी म्हणतात, ते मला माहीत आहे. नांदेडात माझ्या पायांविषयी लोकांना एवढंच ठाऊक आहे. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात मात्र हे पाय माझ्याही आधी नावारूपाला आले. मी पायाळू आहे. जन्मताना बाळाचं डोकं आधी बाहेर येतं, माझे पाय आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडं मानतात. कुणाच्या पाठीत नाहीतर कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना एकदम चमक निघाली, माणूस जागच्या जागी अडकला आणि त्याला श्वासही पुरता घेता येईना, की दुखऱ्या जागी पायाळूनं तीनदा टाच लावायची. उसण उतरते.

हे दिवस उगवायच्या आत करायचं असतं. त्यामुळं दुसरी-तिसरीत असल्यापासून कितीतरी दिवस माझी झोप कुणाच्या तरी पाठीनं मोडली. माझी आई, तिला आम्ही माय म्हणतो, मला हलवायची. "ऊठ गं बाई, माणूस अडकून राहिलाय दारात." मी तणतणत उठायची. उंबऱ्याच्या आत घोंगडीवर कुणीतरी पालथं पडलेलं असे. माय माझा दंड धरून मला उभी करी आणि मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी टाच टेकवी. बोलायचं नाही, हसायचं नाही, बदल्यात काही घ्यायचं नाही. तिसऱ्यांदा टाच लागली की माणूस एका अंगावर होई, हातावर जोर देऊन उठे आणि कंबर इकडं तिकडं वळवून बघत म्हणे, "उतरली की गं!" काहींची तर माझा पाय लागायच्या आधीच उतरे. काहींची उतरतच नसे. ते दुसऱ्या दिवशी परत येत आणि काल तुझा पाय नीट जागेवर पडला नव्हता असं मलाच सुनावत. गावातल्या बऱ्याच माणसांचे चेहरे मी आता विसरले आहे. पाठी आठवतात.

एक भला थोरला गडी होता. त्यानं हाक मारली की गल्लीतली कुत्री गप्प व्हायची. तो पालथा पडल्या पडल्या मला म्हणाला, "हळू बरं का गं माय, हळू." मला इतकं हसू फुटलं की मायनं दंडाला चिमटा काढला. आणि बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायला अहमदपूरहून एक म्हातारे चाचा येत, तेही एकदा आले. त्यांच्या पाठीचे मणके वरून मोजता आले असते. मी पाय उचलला आणि तसाच हवेत ठेवला, कारण मला वाटलं काहीतरी मोडेल. "मार बेटा, डर नक्को," ते म्हणाले. बोलायचं नाही हे विसरून मी विचारलं, "चाचा, नेमकं कुठं दुखतंय?" ते म्हणाले, "उँगली रखा तो उधर से सरक जाता बेटा. इसी वास्ते तो तेरे पास आया." मायनं डोळे वटारले. मी तीनदा टाच लावली. चाचा उठले, बांगड्यांची पेटी खांद्याला लावली आणि चालू लागले.

त्यांचं ते सरकणारं दुखणं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बोट ठेवलं की सरकतं, म्हणजे ते पाठीत नक्की कुठं होतं? आणि उतरलं, तर उतरून गेलं कुठं? मी अंघोळीच्या वेळी माझी टाच न्याहाळून बघायची. टाचेला काही लागलेलं नसायचं. मायला विचारलं तर ती म्हणायची, वाऱ्यावर गेलं. एकदा मी तिला विचारलं, "मला उसण भरली तर गं? माझा पाय माझ्या पाठीला कसा पुरायचा?"

"तुला न्हाई भरायची."

"पण भरलीच तर?"

माय भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "भरली तर सांगू नको कुणाला," ती म्हणाली. "हिचाच हिला गुण न्हाई म्हणतील."

पायाळूपणाची दुसरी बाजूही होती. पायाळू माणसावर वीज पडते, अशीही आमच्याकडं समजूत आहे. आभाळ गडगडायला लागलं की माय मला बाजेवर चढवी, पाय पोटाशी घ्यायला लावी आणि आभाळ निवळेपर्यंत खाली उतरू देत नसे. बाकीची पोरं गारा वेचत आणि मी बाजेवर कोंबडीसारखी बसून. माझी ही आजची अस्वस्थता तिथूनच आली असावी असं मला वाटतं. इतकं सक्तीनं बसवलं की पुढं जन्मभर बसवेना.

माझ्या जन्माच्या वेळी मायला काय सोसावं लागलं ते तिनं कधीच सांगितलं नाही. पहिलटकरीण, गावातच बाळंतपण, दवाखाना लांब. शेजारच्या काकूंनी मला मोठेपणी सांगितलं की ती ओरडून ओरडून शेवटी नुसती तोंड उघडत होती, आवाज निघत नव्हता. मी मायला विचारलं, लई दुखलं का गं? ती म्हणाली, "इसरले." आणि खरंच विसरली असावी. आठवलेली भूक पोटात लागत नाही, तसं आठवलेलं दुखणं दुखत नाही. पण माझ्या मनाला ते टोचत राहिलं. जे पाय गावाचं दुखणं उतरवायचे, त्यांनी येताना सगळ्यात जास्त दुखवलं होतं ते तिला. आणि त्या पायांचा गुण घ्यायची मुभा नव्हती ती एकटीलाच. लेकीचा पाय मायच्या पाठीला कसा लावायचा? झोपेत चुकून लागला तरी मी हात लावून नमस्कार करायचा, अशी रीत. माय स्वतःची उसण गरम विटेला फडकं गुंडाळून शेकायची.

पुढं मी तत्त्वज्ञान शिकले, ते शिकवायलाही लागले. लोकांना वाटतं या विषयाला लोक फार मोठ्या प्रश्नांमुळं येतात. मी चाचांच्या सरकत्या दुखण्यामुळं आले. वर्षातून एकदा मी बीएच्या वर्गात हा प्रश्न टाकतेच: दुखणं असतं कुठं? पायात काटा रुतला आणि पाय चपलेत आहे, तर काटा चपलेत आहे असं म्हणता येईल. दुखणं चपलेत आहे असं म्हणाल का? अहमदपूरहून पाठदुखी असलेली बाई एसटीनं नांदेडला आली, तर तिची पाठदुखी वाटेतल्या लोहा गावावरून आली का, आणि तिचं तिकीट कुणी काढलं? पोरं हसतात. मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मॅडम, दुखणं तासाला बसल्यावर कमरेत असतं." मीही हसते, येरझाऱ्या चालू ठेवते.

एका वर्षी किनवटकडची एक मुलगी वर्गात होती. लहानपणापासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिलेली, बोलायला बुजरी. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, हॉस्टेलवर दुखतच नाही. लागलं तरी नाही. सुट्टीत घरी गेलं की मग दुखतं." वर्ग पुन्हा हसला. मी म्हणाले, छान मुद्दा आहे, आणि फळ्यावरचा पुढचा मुद्दा लिहायला वळले. 

मागच्या येळवशीला मी गावी गेले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूर जिल्ह्याचा सण. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळी शेतावर. हिरव्या ज्वारीत कडब्याची खोप घालायची, आत पूजा मांडायची आणि मग पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. मायनं त्या दिवशी सगळ्यांना वाढून झाल्यावर भज्जीचा मोठा वाडगा घेतला, वर तेल घेतलं. जेवून अर्धा तास झाला नसेल, ती खोपीच्या बाहेर आंबिलीचं मडकं उचलायला वाकली आणि तशीच राहिली. उजव्या खवाट्याखाली, म्हणजे खांद्याच्या हाडाखाली, हात न्यायला बघत होती, हात पोहोचत नव्हता. चेहरा पांढरा पडला, ओठांवर घाम.

"उसण भरली," माझी भावजय ओरडली. तिच्या हाकेनं शेजारच्या शेतातलीही माणसं आली. सगळ्यांचं एकच म्हणणं: घरातच पायाळू असताना बघत काय बसलात? मी म्हणाले, दवाखान्यात नेऊ. माय म्हणाली, न्हाई. मग पाय लावू का, असं मी विचारलंही नाही, कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. पण तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती आपणहून खोपीत घोंगडीवर पालथी झाली. सत्तरी ओलांडलेली माझी माय माझ्या पायापुढं पालथी पडली होती. तिला केवढं दुखत असेल ते मला त्या एका गोष्टीवरून कळलं. मी हादरले. बापाचा तेरावा झाल्यावरसुद्धा मी तिला अशी खाली पडलेली बघितली नव्हती.

दिवस डोक्यावरून कलला होता, रीत पाळायची वेळ निघून गेली होती, माझा तर त्यावर विश्वासही नाही. तरी मी चप्पल काढली. टाच लावायचा धीर झाला नाही, अंगठा टेकवला. तीनदा. मग खाली बसून तिच्या पाठीला हात लावून नमस्कार केला. ती तशीच पडून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं श्वास घेतला, पुरता, पोटापर्यंत, आणि उठून बसली.

"गेली," ती म्हणाली.

आणि खरंच गेली होती, तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. खोपीत नुसता आनंद झाला. भावजयीनं तर दोन दिवसांत ही गोष्ट अशी फिरवली की शिरूर अनंतपाळच्या तिच्या माहेराहून मला फोन आले. मी चिडचिड केली, हे सगळं आपोआप झालं असेल म्हणून सांगितलं. पण खोटं कशाला बोलू, आतून मला फार बरं वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी एकदा माझा पाय तिच्या कामी आला होता.

त्यानंतर फोनवर मी दर वेळी विचारायची, "पाठ कशी आहे?" आणि दर वेळी तिचं उत्तर एकच, "ती तवाच गेली की. तुझ्या पायानं गेली ती गेली." भावजय म्हणायची, त्यांचं जेवण कमी झालंय, तेलकट नको म्हणतात, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बाजूला सारतात. मी म्हणाले, वय झालं. असंच चालू राहिलं.

उन्हाळ्यात माय माझ्याकडं नांदेडला आली. नांदेडचा उन्हाळा म्हणजे दुपारी घरात बसूनही भाजून निघायला होतं. एका दुपारी लाईट गेली आणि कूलर बंद पडला. माय चटईवर कुशीवर झोपली होती, चोळी सैल करून. मी पुठ्ठ्यानं तिला वारा घालत होते, म्हणजे उभं राहून, फेऱ्या मारत मारत. पदर सरकला आणि मला तिची पाठ दिसली. उजव्या खवाट्याखाली तळहाताएवढी कातडी काळपट तांबूस झालेली, जाळीजाळीची. भाकरीला तव्यावर डाग पडतात तसे डाग, एकावर एक.

मी तिला उठवलं. "हे काय आहे?"

"काय?"

"पाठीला काय झालंय?"

तिनं पदर ओढला. "शेकत व्हते. वीट जरा जास्ती तापली आसंल."

एका दिवसाच्या विटेनं असे डाग पडत नाहीत, एवढं मलाही कळतं. "कधीपासून शेकतीयेस?" तिनं चोळी नीट केली. "येळवशीपासून?" ती चटईची काडी खुडत बसली. मी ओरडले. एवढं ओरडले की शेजारीण जिन्यात येऊन उभी राहिली. म्हणजे हिवाळाभर ही बाई सगळी निजली की चुलीतली वीट काढून पाठीला लावत होती आणि सकाळी फोनवर मला सांगत होती, गेली ती गेली!

"का नाही सांगितलंस, माय?"

"सांगून काय सांगू," ती म्हणाली. "समद्या गावात बोंबललं व्हतं, पायानं उतरली म्हणून. मी दुखायलंय म्हणले असते तर तुझ्या पायाला नाव ठेवलं असतं लोकांनी."

 राग एवढा आला होता की रडू येत होतं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग. मी त्याच उन्हात रिक्षा आणली.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी तिच्या पाठीकडं बघितलं आणि हात लावला तो पोटाला, उजवीकडं बरगडीखाली. माय दचकून आखडली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, आणि ते सुजलेलं होतं. मी म्हणाले, अहो, पण दुखतंय पाठीत. ते म्हणाले, पित्ताशयाची बातमी नेणाऱ्या नसा आणि त्या भागातल्या पाठीच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. मेंदूला बातमी कळते, गाव कळत नाही. तेलकट खाल्लं की खडा अडकतो, कळ येते, आणि खडा सरकला की आपोआप जाते.

"म्हणजे पाठीतलं दुखणं खोटं होतं?" मी विचारलं. मला ते नीट ऐकायचं होतं, मास्तरकी अंगात मुरलेली.

"दुखणं खरं होतं. जागा तेवढी दुसरी."

आपोआप जाते, हे वाक्य मायनंही ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, खाली माझ्या पायांकडं बघितलं. मला वाटलं त्या डॉक्टरांनी ते जरा हळू बोलायला हवं होतं.

ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं. फार दिवस गेल्यानं आतलं सगळं चिकटलं होतं, साखरही होती, त्यामुळं पोट उघडावं लागलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, काढलंय, पण पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. आत कुठं पित्त झिरपायला लागलं तर सगळ्यात आधी तिला दुखेल, ताप आणि बाकीचं नंतर. "तेव्हा दुखलं की लगेच सांगायचं. आजी सहन करणाऱ्या दिसतात. त्यांना सांगा, इथं सहन करायचं नाही." मी मान हलवली. जिनं अख्खा हिवाळा माझ्यापासून लपवून काढला, तिच्या खरं बोलण्यावर आता तिचा जीव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. सलाईन बघितली आणि विचारलं, "आजी, दुखतंय का? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती दुखतंय सांगा."

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "दोन."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. पलंगाच्या दांडीवर तिची बोटं आवळलेली होती, नखं पांढरी झाली होती. ओठांवर तोच घाम, येळवशीच्या दिवशीचा. "माय, नीट सांग," मी म्हणाले. "दोनच हाय," ती म्हणाली, आणि मला बरं वाटावं म्हणून हसली. सिस्टर फाईलवर लिहायला लागल्या. मला त्यांच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं. ओरडावं तर हे ओरडण्यानं सुटणारं नव्हतं, ओरडून मी चटईवर एकदा बघितलं होतं. आणि तेव्हा कुठं मला वर्गातली ती किनवटची मुलगी आठवली. वसतिगृहावर दुखत नाही, घरी गेलं की दुखतं. म्हणजे कुणासमोर दुखू द्यायचं हे माणूस निवडतं. तिला दुखायला घर लागत होतं. माझ्या मायला मी समोर नसायला हवं होतं.

"मी जरा चहा घेऊन येते," मी म्हणाले. "सिस्टर, मी आले की लिहा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी पेन खाली केलं.

मी बाहेर आले, दार ओढलं आणि भिंतीला लागून उभी राहिले. आतून मायचा आवाज आला. "गेली का ती?"

"गेल्या."

"मग आता इचारा." सिस्टरांनी पुन्हा विचारलं. मग एकदम, "लई दुखायलंय गं माय. लई. न्हाई सोसत. नऊ का धा काय आसंल ते लिव्ह. इथं, पोटात, आन् वर खांद्यात..." आणि ती कण्हली. माझ्या उभ्या जन्मात मी मायला कण्हताना ऐकलं नव्हतं.

सिस्टर धावत डॉक्टरांना बोलवायला गेल्या, माझ्या अंगावरून. मी त्या दाराशी हलले नाही. मी, जिला वर्गात एक तास उभं राहवत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी मला कधी वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. सांगतीये. ती सांगतीये. माझ्या या पायांनी कुणाचं काही खरोखर चांगलं केलं असेल तर ते त्या सकाळी, मला खोलीबाहेर नेऊन.

पित्त झिरपत होतंच, थोडं. वेळेवर कळलं म्हणून एक नळी घालून भागलं. चहा घेऊन मी आत गेले तेव्हा मायचा डोळा लागत होता. "कसं वाटतंय?" मी विचारलं. "बरं हाय," ती पुटपुटली. "काई दुखत न्हाई." बरं, मी म्हणाले.

तिथून पुढं सिस्टर आत आल्या की मी काहीतरी आणायला बाहेर जायची. चहा, पाणी, पेपर, बिस्किटं. दार लागलं की माय सिस्टरांशी बोलायची, मला नुसती गुणगुण ऐकू यायची, आणि मी भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा तर मी परतले तेव्हा दोघी हसत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या. मला हेवा वाटला, अगदी लहान पोरीसारखा.

घरी सोडलं त्या सकाळी मी पिशव्या भरत होते. पलंगाखालची पिशवी ओढायला वाकले आणि कमरेच्या वर डाव्या बाजूला अशी चमक निघाली की मी तिथंच अडकले. इतक्या रात्री दवाखान्यातल्या लाकडी बाकावर काढलेल्या, दिवसा ते उभं राहणं. श्वास घेता येईना. लहानपणापासून ज्या पाठी मी वरून बघितल्या, त्यांच्या आत काय असतं ते मला तेव्हा कळलं. आणि चाचा खरं सांगत होते, जागा दाखवायला हात नेला तर ते सरकलं. मी पलंगाची दांडी धरून हळूहळू सरळ झाले, श्वास पुरता न घेता.

माय पलंगावर बसून उघड्या पिशवीत बघत होती. "एवढी बिस्किटं कशाला आणलीस गं?"

"भूक लागायची."

तिनं एक पुडा उचलला, परत ठेवला. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, माझ्या ओठांकडं, दांडी धरलेल्या हाताकडं.

"काय झालं?" तिनं विचारलं. "पाठ भरली का तुझी?"

"न्हाई," मी म्हणाले. "काई न्हाई दुखत."

तिनं हळूच पाय खाली सोडले, चपला चाचपल्या आणि म्हणाली, "मी जरा बाहेर बसते. तवर सिस्टरला बोलव."